पाषाणची प्रयोगशाळा आणि मुळशीची शाळा



विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत चालणारे शास्त्रीय संशोधन व खेड्यातील शाळा यांचा परस्परसंबंध, असा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे. बोलणारा तसा नाही. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पदविका घेतलेला मनुष्य. मुळशी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षांहून अधिक काळ खडू झिजविला आणि आता सेवानिवृत्त होऊन पौडजवळ राहतो. तेव्हा या विषयावर शास्त्रज्ञांनी बोलावयाचे ते मी बोलणार नाही. नदीच्या ज्या काठावर मी उभा आहे, त्या काठावरून पलीकडचा काठ कसा दिसतो, एवढेच सांगण्याचा माझा अधिकार आहे.

पलीकडचा काठ काही दूर नाही. पौडहून पुण्यास निघाले म्हणजे सात-आठ कोसांत पाषाणची टेकडी लागते. तेथे १९५० सालापासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी, १९६२ साली निघालेली भारतीय संस्थाही आता तेथेच आहे. २००६ साली स्थापन झालेली आयसर ही विज्ञानशिक्षणाची व संशोधनाची संस्था त्याच परिसरात आहे. थोडे पुढे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ म्हणजे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र, आगरकर रस्त्यावर आघारकरांच्या नावाची १९४६ सालची संशोधनसंस्था, आणि शिवाजीनगरला ज्याला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात ती १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आलेली वेधशाळा. खुद्द आमच्या तालुक्यातही लवळ्याच्या डोंगरावर आता दोन विद्यापीठे उभी आहेत आणि हिंजवडीचे संगणकनगर तर जगाला ठाऊक आहे. भूतलावर फार थोड्या ग्रामीण तालुक्यांना विद्येचा असा शेजार लाभला असेल. असे असता माझ्या वर्गातल्या मुलाने शास्त्रज्ञ म्हणून जर कोणास पाहिले असेल, तर ते पुस्तकातल्या चित्रात पाहिले. ते चित्रही बहुधा न्यूटनचे, आणि वर सफरचंदाचे झाड. आमच्याकडे सफरचंद होत नाही.

या गोष्टीला मुळशीत एक जुना दाखला आहे. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी मुळशीच्या खोऱ्यातील गावे पाण्याखाली जाणार म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, हे आपण इतिहासात वाचले असेल. धरण झाले. १९२७ सालापासून ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात पडू लागले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी इकडचे, प्रकाश तिकडे. मी नोकरीस लागलो तेव्हा तलावाच्या काठच्या कित्येक वाड्यांत चिमणीच जळत होती. ज्ञानाच्या बाबतीतही पुष्कळदा असेच घडते, असे मला वाटते. आमच्या रानातली पाने, आमच्या डोंगरावरचा पाऊस, आमच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी यांतून विद्वत्तेचे निबंध सिद्ध होतात, परदेशच्या नियतकालिकांत छापले जातात, त्यांवर पदव्या मिळतात. ते योग्यच आहे. परंतु त्यातले परत आमच्या वाडीवर काय येते?

एक प्रसंग सांगतो. एका संस्थेचे एक तरुण संशोधक (संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही) वनस्पतींचे नमुने गोळा करण्यास आमच्या गावी आले होते. वाट दाखवायला म्हणून सातवीतली एक मुलगी त्यांच्याबरोबर गेली. धनगरवाड्यावरची पोर, तिला प्रत्येक झुडपाचे नाव ठाऊक. कोणते पान गुरे खात नाहीत, कोणते पहिल्या पावसानंतरच भाजीला चालते, कोणत्या सालीचा दोर होतो, हे सारे तिने आजीकडून ऐकलेले. दोन दिवस ते गृहस्थ टिपणे घेत होते. जाताना म्हणाले, “पुस्तक झाले की शाळेला एक प्रत पाठवीन.” ती मुलगी पुढे दोन वर्षे, शाळा सोडून गेल्यावरही, मला विचारीत असे, “गुरुजी, आलं का हो ते?” ते आले नाही. त्या तरुणाचा हेतू वाईट होता असे मी मुळीच म्हणत नाही. प्रत पाठविणे हे त्याच्या कामाचा भाग आहे, असे त्यास कोणी शिकविलेलेच नव्हते.

याच्या उलट उदाहरण आहे ते देवरायांचे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या वर्षांत सह्याद्रीतील देवराया हिंडून पाहिल्या, त्यांच्या याद्या केल्या आणि त्या का राखल्या पाहिजेत हे १९७५-७६ च्या सुमारास शास्त्रीय नियतकालिकांतून मांडले. देवाच्या धाकाने राखलेल्या त्या दोन-चार एकरांच्या तुकड्यात, इतरत्र नाहीसे झालेले मूळचे अरण्य कसे शिल्लक आहे, हे त्यांनी दाखविले. ज्यास आमची मुले काठी तोडण्यास भीत तेवढेच एक रान, त्यास शास्त्राच्या दृष्टीनेही मोल आहे, हे कळल्यावर वर्गात जो आनंद झाला तो मी पाहिला आहे. आजी सांगते ते खोटे नव्हते आणि प्रोफेसर सांगतात तेही परके नव्हते. पुढे २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला आणि गावोगाव लोकांनीच आपल्या परिसराची नोंदवही करावी अशी तरतूद झाली. त्या कल्पनेमागेही गाडगीळांचा मोठा हात होता. कल्पना उत्तम. परंतु पुष्कळ ठिकाणी ती वही कचेरीत बसून भरली गेली आणि शाळेच्या कपाटापर्यंत आलीच नाही, असा माझा अनुभव आहे.

येथे एक मुद्दा शहरातील विद्वज्जनांपुढे मुद्दाम ठेवतो. शाळा ही संशोधनाकडून केवळ घेणारी याचक आहे, असा समज सोडून दिला पाहिजे. शाळेपाशी एक गोष्ट आहे जी प्रयोगशाळेपाशी नाही; ती म्हणजे एका जागी टिकून राहणे. ताम्हिणीच्या वाटेवर डोंगर निळा-जांभळा करणारी कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. सगळ्या डोंगरांवर ती एकाच वर्षी फुलते असेही नाही. विद्यापीठातील संशोधनास पैसा मिळतो तो बहुधा तीन वर्षांचा. तीन वर्षांच्या माणसाने सात वर्षांच्या फुलाचा हिशेब कसा ठेवावा? परंतु ज्या शाळेत बाप शिकला तेथेच मुलगा शिकतो आहे, त्या शाळेने एका वहीत ‘अमुक साली अमुक डोंगरावर कारवी फुलली’ एवढी एक ओळ लिहिली, तर चाळीस वर्षांत पाच-सहा बहरांची नोंद होते. ती कोणत्याही पैशाने विकत मिळणारी नाही.

असो. पलीकडच्या काठावरून कोणी हाकच मारली नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्या महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गो. रा. परांजपे यांच्यासारख्यांनी ते चालविले. मराठीतून शास्त्र सांगावयाचे म्हणजे कमीपणा, अशी समजूत असलेल्या काळात चालविले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. आणि १९८८ साली आयुका सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी संस्थेची दारे शाळकरी मुलांना उघडी ठेवली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुलांसाठी व्याख्यान, उन्हाळ्याच्या सुटीत आठवडाभर मुलांनी शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करणे, असे उपक्रम त्यांनी रूढ केले. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांची एक पद्धत मला फार आवडे. मुले स्वाक्षरीसाठी वही पुढे करीत, तेव्हा ते स्वाक्षरी देत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. सही फुकट मिळत असली म्हणजे मुलगा वही मिटून घरी जातो. प्रश्नाच्या बदल्यात मिळत असली म्हणजे त्याला प्रथम प्रश्न शोधावा लागतो. शिक्षकाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने सांगितलेले खरे माना, उत्तर देण्यापेक्षा प्रश्न काढून घेणे शतपटीने अवघड असते.

आयुकाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ नावाची विज्ञानशोधिका आहे. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिची इमारत झाली. तिचे नाव ‘पुलस्त्य’. तेथे २००३ पासून दहा-अकरा वर्षे श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखविली. त्यांतले एक मी वर्गात कितीदा केले असेल ते सांगता येणार नाही. लाख चढविलेल्या तांब्याच्या तारेचे दहा-बारा वेढ्यांचे वेटोळे करावयाचे, दोन्ही टोके बाहेर काढावयाची, विजेरीच्या एका सेलला दोन्ही बाजूंस दोन सेफ्टी पिना रबराने बांधून त्यांच्या भोकांत ती टोके ठेवावयाची आणि खाली एक लोहचुंबक. बोटाने किंचित टिचकी मारली की वेटोळे गरगर फिरू लागते. पाच-दहा रुपयांत विजेचे यंत्र! यातली मेख अशी की, तारेच्या एका टोकावरची लाख सगळीकडून खरवडावयाची, पण दुसऱ्या टोकावरची फक्त अर्ध्या बाजूने. पंप दुरुस्त करणाऱ्याचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. एरवी तो पुस्तक उघडीत नसे. त्याने विचारले, “अर्धीच का? पुरी खरवडली तर जास्त फिरेल की.” मी म्हटले, खरवडून पाहा. त्याने पाहिले, वेटोळे थरथरले आणि थांबले. मग तासभर डोके धरून बसून त्याचे त्यानेच सांगितले की, वीज सारखी चालू राहिली तर अर्ध्या फेऱ्यात चुंबक पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्यात मागे ओढतो; म्हणून अर्धा फेरा वीज तोडली पाहिजे, म्हणजे ते आपल्या वेगाने पुढे जाते. मोठ्या मोटारीत याच कामासाठी जो भाग असतो तो त्याने बापाच्या दुकानात पाहिला होता, पण तो कशासाठी आहे हे त्या दिवशी कळले. विद्यापीठ आमच्या शाळेत आले असे मी त्या दिवशी म्हणेन, आणि त्यासाठी एकही मोटारगाडी पुण्याहून निघाली नव्हती.

जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेचे ते फळ. दर वर्षी २८ फेब्रुवारीस, म्हणजे १९२८ साली रामन यांनी आपला शोध जाहीर केला त्या दिवशी, ते केंद्र लोकांना खुले करण्याचा प्रघात पडला आणि आसपासच्या शाळांतील मुलांचे प्रयोगही तेथे मांडले जाऊ लागले. नारायणगावच्या बाजारास जावे तशी माणसे तेथे जातात. मला त्या गर्दीतले महत्त्वाचे वाटते ते हे की, तेथे मूल पाहुणा नसतो, यजमानांपैकी एक असतो. त्याच्या टेबलापाशी थांबून कोणी पीएच.डी. झालेला मनुष्य त्याला प्रश्न विचारतो. पुण्यातील ‘विज्ञान वाहिनी’ने १९९५ पासून मोटारबसमध्ये प्रयोगशाळा घालून खेड्यांतल्या शाळा गाठल्या, तेही असेच मोलाचे काम. त्यात निवृत्त मंडळींनी हौसेने वेळ दिला हे मी येथे मुद्दाम सांगतो, कारण हे भाषण ऐकणाऱ्यांत तशी मंडळी बरीच असतील.

आता अडचणीकडे वळतो. साधने नाहीत, इमारत नाही, ही रडकथा मी गाणार नाही. माझ्या मते खरी अडचण भाषेची आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र काढले. त्याचे डॉ. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरातील खेड्यांतील शाळांत काम केले. मुलांना विज्ञान का येत नाही याचा शोध घेता घेता ते ज्या निष्कर्षाला आले तो असा की, पुष्कळदा मुलाला विज्ञान अडत नाही, पुस्तकाची भाषा अडते. भाषा सोपी केली म्हणजे तेच मूल तीच गोष्ट समजू लागते. हा निष्कर्ष मोठ्या पदार्थवैज्ञानिकांनी काढला म्हणून त्याला वजन आले. आम्ही गुरुजी तो रोज फळ्यापाशी अनुभवीत होतो. “द्रावणातील द्राव्याची संहती” असे वाचले की चाळीस डोळे खिडकीबाहेर जातात. “पाण्यात मीठ किती दाट विरघळले आहे” म्हटले की परत येतात. मी शुद्ध आणि प्रौढ मराठीचा अभिमानी आहे, हे माझ्या या भाषणावरून आपण ओळखलेच असेल. तथापि प्रौढ भाषा प्रौढांसाठी असते. मावळातल्या मुलाची बोली ही अडाण्याची भाषा नव्हे. पावसाच्या, मातीच्या, उताराच्या जितक्या छटा तिच्यात आहेत तितक्या परिभाषाकोशातही आढळणार नाहीत.

दुसरी अडचण टिकाऊपणाची. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. दोन स्वयंसेवी संस्था पुढे आल्या. टाटा संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ मंडळी रजा काढून खेड्यांत जाऊन राहिली. मुलांनी हातांनी प्रयोग करावयाचे, परीक्षेतही पुस्तक उघडून पाहावयास मुभा, आणि मुलांचे प्रश्न एका काल्पनिक ‘सवालीराम’च्या नावे पत्राने यावयाचे. शेकडो शाळांत हे पसरले. आणि २००२ साली सरकारी निर्णयाने ते बंद झाले. तीस वर्षे! शिक्षणात जे काही केवळ आदेशाने चालते ते आदेशाने बंदही पडते, म्हणून शाळा आणि संशोधक यांच्यामधला धागा काही अंशी तरी माणसामाणसांतला असावा, असे मला वाटते.

असा धागा कोठे बांधता येईल? माझे उत्तर आहे, पावसात. हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण यात केवळ शिक्षणाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. पुढे पुण्यास पोहोचेपर्यंत त्यांत फारसे उरत नाही. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत २०२४ च्या जुलैत, २५ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत, साडेपाचशे मिलिमीटरांहून अधिक पडला. म्हणजे पुण्याच्या वर्षाच्या पाण्यापैकी बारा आणे एका दिवसरात्रीत! त्याच दिवशी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले, हे आपणांपैकी कित्येकांनी स्वतः भोगले असेल. मुठेच्या खोऱ्यातले टेमघरचे धरण आमच्याच तालुक्यात आहे. त्याचे पाणी खडकवासल्याला येते आणि तेथून आपल्या पुलाखालून जाते. म्हणजे आमच्या माथ्यावर किती पडला हे कळणे जितके आमच्या हिताचे तितकेच आपल्याही.

आणि हा पाऊस खोऱ्याखोऱ्याला निराळा असतो. पौडला दोन बोटे पडला म्हणून पलीकडच्या कड्याखालच्या वाडीत किती पडला, ते सांगता येत नाही. मध्ये चार-पाच कोसांचे अंतर, पण पाऊस तिप्पट-चौपट असू शकतो. हे मोजावयास जागोजाग पर्जन्यमापक हवे. सरकारी यंत्रे असतात ती ठरावीक ठिकाणी. वाडी तेथे शाळा मात्र आहे.

पर्जन्यमापक म्हणजे काही दुर्मीळ यंत्र नव्हे. सरळ बाजूंची बाटली, तिचा वरचा गळा कापून उलटा बसविला की झाले नरसाळे. तळाचा फुगीर भाग पाण्याने भरून तेथे शून्याची खूण करावयाची आणि बाजूस फूटपट्टी चिकटवावयाची. उघड्यावर, झाडाच्या व पन्हाळीच्या दूर, खांबावर बांधावयाची. दररोज सकाळी साडेआठास पाहावयाचे. वेधशाळेचा दिवसही साडेआठापासूनच मोजला जातो. पहिल्या दिवशी वर्गात हटकून वाद होतो की, रुंद तोंडाच्या भांड्यात पाऊस जास्त भरेल. भरू द्यावा वाद. पातेले, पेला आणि बाटली तिन्ही पावसात ठेवून मुले पाहतात की बाजू सरळ असतील तर तिन्हींत उंची तीच. मग त्यांना सांगावे की एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठ्याला सुमारे शंभर लिटर. शंभर मिलिमीटर पडला तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे येतो तो पाण्याचा एक भरलेला टँकर. डोंगराच्या उतारावर प्रत्येक गुंठ्यावर एक टँकर उभा आहे, असे चित्र मुलाच्या डोळ्यांपुढे आले म्हणजे दरड का कोसळते हे समजावून द्यावे लागत नाही. खाली पक्का काळा पाषाण, वर मुरूम आणि माती; मातीतल्या फटी पाण्याने भरल्या म्हणजे तिचे वजन वाढते आणि खडकावरची पकड सुटते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चार-पाच दिवसांची बेरीज अधिक बोलते, ती यामुळेच.

३० जुलै २०१४ रोजी पहाटे आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेवर माणसे गेली. बाहेरच्या जगास प्रथम बातमी कळली ती एस.टी.च्या चालकाकडून, तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला तर जेथे गाव असावयाचे तेथे गाव नव्हते. पुढे बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळात वायनाड जिल्ह्यात मुंडक्काई व चूरलमला येथे तसाच प्रलय झाला आणि अडीचशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. तेथे एक गोष्ट निराळी होती. कल्पेट्टा येथील ह्यूम केंद्र नावाच्या पर्यावरणसंस्थेने जिल्ह्यात सुमारे दोनशे ठिकाणी साधे पर्जन्यमापक बसविले होते. स्थानिक लोक रोज आकडा कळवीत. त्या आकड्यांवरून धोका ओळखून त्यांनी आदल्याच दिवशी जिल्हा प्रशासनास सावध केले होते. ती सूचना सर्वांपर्यंत पुरेशी पोहोचली नाही, हे दुर्दैव. पण साध्या नरसाळ्याने आणि वहीने दरड आगाऊ ओळखता येते हे तर सिद्ध झाले! त्याच राज्यात मीनाचिल नदीच्या खोऱ्यातही शाळकरी मुले व गावकरी असा पाऊस मोजतात. आमच्या सह्याद्रीचीच ती दक्षिणेकडची टोके. तेथे जे जमते ते येथे का जमू नये?

शंका येतील त्या मला ठाऊक आहेत. रविवारी शाळा बंद असते. पाऊस रविवारी सुटी घेत नाही. अतिवृष्टीत तर शाळेला सुटीच जाहीर होते आणि नेमका तोच आकडा हवा असतो. म्हणून यंत्र शाळेच्या अंगणात असावे, पण मोजणारे मूल शेजारच्या घरातले असावे. मुलांचे आकडे चुकतील, असे विद्वान म्हणतील. चुकतील. म्हणून तर विद्यापीठ हवे. दोन शेजारच्या शाळांचे आकडे ताडून पाहणे, विसंगत आकडा बाजूला काढणे, त्यांचा नकाशा करणे हे काम मुलांचे नव्हे. आणि तो नकाशा आषाढ संपण्याच्या आत शाळेच्या भिंतीवर परत आला पाहिजे. तीन वर्षांनी निबंधाच्या रूपाने नव्हे.

याहून मोठी शंका माझी स्वतःची आहे. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठ्या समूहशाळा कराव्या, असा विचार २०२३ पासून सरकारदरबारी चालला आहे. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, सोयी अधिक, हे मी नाकारीत नाही. परंतु घाटाखालच्या बहुतेक वाड्यांचा पट वीसच्या आतच असतो. ती शाळा मिटली तर त्या वाडीत रोज सकाळी आकडा लिहिणारा हात उरणार नाही, आणि नेमकी तीच वाडी कड्याच्या पायथ्याशी असते. शाळा ठेवावी की मोडावी याचा हिशेब करताना पटाच्या रकान्याशेजारी हाही रकाना असावा, एवढीच माझी विनंती आहे.

शास्त्रज्ञांच्या अडचणीही मी ऐकल्या आहेत. एक प्राध्यापक मला म्हणाले, “गुरुजी, तुमच्या शाळेत घालविलेला दिवस माझ्या बढतीच्या कागदावर कोठेच दिसत नाही.” ते खरे बोलत होते. आमच्या शिक्षकांचेही तसेच. जनगणना, निवडणूक, नाना तऱ्हेचे तक्ते यांतून उरलेला वेळ तो अध्यापनाचा. शिवाय शिक्षकाच्या मनात एक भीती असते की, मुलाने असा काही प्रश्न विचारला ज्याचे उत्तर आपल्यास येत नाही, तर पत राहणार नाही. यावर मला एकच इलाज दिसला. एकदा एक मोठे संशोधक शाळेत आले असता मुलीने विचारले की, “घुबडाला दिवसा दिसत नाही तर ते उडून बरोब्बर ढोलीतच कसे जाते?” ते हसले आणि म्हणाले, “घुबडाला दिवसाही दिसते, एवढे मला ठाऊक आहे. ढोली कशी ओळखते ते ठाऊक नाही. तू पाहून मला कळव.” त्या वाक्याने माझ्या सहकारी शिक्षकांच्या छातीवरचे जे ओझे उतरले ते दहा प्रशिक्षणवर्गांनी उतरले नसते. आयसरसारख्या संस्था शिक्षकांसाठी वर्ग भरवितात. तेथे विषयाइतकेच हेही शिकवावे.

राहता राहिली आपण शहरातील मंडळी. श्रावणात आपण मोटारी घेऊन ताम्हिणीचे धबधबे पाहावयास येता. यावे, डोंगर काही आमच्या मालकीचे नाहीत. परंतु आपल्या घरात कोणी रसायनशाळेत, वेधशाळेत, महाविद्यालयात काम करणारे किंवा तेथून निवृत्त झालेले असतील. वाटेत एखादी शाळा लागते, तेथे घटकाभर थांबावे. बक्षिसे, खाऊ, वह्या आणू नयेत. त्या पुष्कळ येतात. वर्षातून तीनदा त्याच शाळेत यावे, आणि दुसऱ्या खेपेस मुलांची नावे आठवावीत. आपण जे काम करता ते, ‘संहती’ आणि ‘अभिक्रिया’ हे शब्द न वापरता, अर्ध्या तासात सांगता येते का ते पाहावे. एका निवृत्त रसायनतज्ज्ञांना मी ही अट घातली तेव्हा त्यांनी आठ दिवस तयारी केली, आणि नंतर म्हणाले की इतकी तयारी पदवीच्या वर्गासाठीही केली नव्हती.

या जूनमध्ये आमच्या भागातील काही शाळांत बाटल्यांचे मापक बांधावयाचे ठरले आहे. वही दोनशे पानी घेतली आहे. रकाने चारच: तारीख, मिलिमीटर, मोजणाऱ्याचे नाव आणि शेरा. शेऱ्याचा रकाना मुलांच्या आग्रहाने सर्वांत रुंद ठेवला आहे; त्यात ओढ्याला पाणी गढूळ आले का, उतारावर नवी भेग दिसली का, विहिरीचे पाणी अकस्मात वर आले का, हे त्यांच्या शब्दांत लिहावयाचे. आकडे रोज फोनवरून कळविण्याची तयारी दोन मुलींनी दाखविली आहे. ते कोणाकडे कळवावयाचे, एवढे पलीकडच्या काठावरून कोणी सांगावे.